अणुस्कुऱ्याची उतरण आणि थरथरणारं पेडल

राजापूर तालुक्यात पिकअपला वर्षभर एकच काम नसतं. मार्चपासून मे संपेपर्यंत हापूसच्या पेट्या, त्याही कधी वाशीच्या बाजारात तर कधी घाट चढून कोल्हापूरला. साखरी नाट्याहून बर्फातली मासळी, खाणीवरून जांभ्याचे चिरे, आणि कोल्हापूरहून परतताना भाजीची पोती. ओणीला महामार्ग सोडला की रायपाटण, पाचल आणि मग अणुस्कुरा घाट. राजापूरचं बंदर जोरात होतं तेव्हा जहाजांतून उतरलेला माल याच वाटेने बैलांच्या पाठीवर लादून घाटावर जायचा. बैलाला उतारावर ब्रेक लागत नाही, तो स्वतःच पाय रोवतो. पिकअपला मात्र एक चकती, एक ड्रम आणि अर्धा लिटरभर तेल यांच्या भरवशावर काही शे मीटर खाली यायचं असतं.

या गाड्या गॅरेजमध्ये येतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात असते: ब्रेक नीट लागत नाही. हे वाक्य पोटात दुखतंय म्हणण्याइतकंच मोघम आहे. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, सीटखालून हादरे येतात, गाडी एका बाजूला खेचते, मागची चाकं अचानक पकडतात, पेडल दगडासारखं कडक होतं, पाय काढल्यावरही चाक सुटत नाही, हे सगळं त्या एका वाक्यात मावतं. प्रत्येकाचं मूळ निराळं, आणि तरीही बहुतेक ठिकाणी पहिला उपाय तोच असतो: पुढचे पॅड बदला. पॅड बदलले की चारआठ दिवस बरं वाटतं, कारण नवा मऊ पॅड चकतीचा खडबडीतपणा थोडा झाकून घेतो. मग तक्रार पुन्हा हजर. माझं मत असं की पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरला नीट विचारलं, तर अर्ध्याहून अधिक निदान तिथेच होतं. कधी होतं, म्हणजे सकाळी पहिल्यांदा की घाट उतरल्यावर? भरलेल्या गाडीला की रिकाम्या? आणि कुठे जाणवतं, हाताला, बुडाला की पायाला?

हाताला जाणवत असेल तर संशय पुढच्या डिस्कवर. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. टायर साधारण सव्वादोन मीटर परिघाचं धरलं, तर ताशी 60 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साडेसात फेऱ्या मारतं. चकतीवर एक जागा जाड असेल, तर प्रत्येक फेरीला ती पॅडमध्ये एकदा दाटते आणि पुढे सुटते. म्हणजे स्टिअरिंगला सेकंदाला सातआठ झटके. वेग 30 वर आला की झटके निम्मे होतात, आणि थांबता थांबता ते एकेक मोजता येतात. वेगाबरोबर झटके असे संथ होत गेले, तर दोष फिरणाऱ्या वस्तूत आहे हे नक्की समजावं. ब्रेकला पाय न लावताही विशिष्ट वेगाला स्टिअरिंग हलत असेल, तर मात्र तो ब्रेकचा गुन्हा नव्हे. टायर, बॅलन्सिंग किंवा बेअरिंगकडे बघा.

अशा वेळी "डिस्क वाकली" असं सर्रास म्हटलं जातं. बीडाची जाड चकती अशी सहजी वाकत नाही. खरा दोष बहुधा जाडीतल्या फरकाचा असतो, आणि तो इतका बारीक असतो की डोळ्याला दिसणारच नाही. एका फेरीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा किंवा दोन शतांशांचा फरकही हाताला जाणवू शकतो. माणसाचा केस याच्या तिप्पट तरी जाड असतो. म्हणून चकतीवरून बोट फिरवून "बरोबर आहे" म्हणणाऱ्या मिस्त्रीवर विश्वास ठेवू नये. मायक्रोमीटरने चकतीवर सारख्या अंतरावर आठ ठिकाणी जाडी मोजायची. तसंच कमीत कमी किती जाडी चालेल तो आकडा चकतीवरच कोरलेला असतो, तोही वाचायचा.

हा फरक पडतो कसा, हे कळलं की राजापूरच्या गाड्यांनाच हे दुखणं का जास्त ते कळतं. एक वाट गंजाची. तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि किनाऱ्याकडे हवेत मीठ असतं ते वेगळंच. चकती जिथे हबवर बसते तिथे गंजाचा पातळ पापुद्रा धरतो. मिस्त्री नवी चकती त्याच पापुद्र्यावर बसवतो. चकती किंचित तिरकी बसते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. पण तिरकी चकती ब्रेक न दाबतासुद्धा दर फेरीला एकाच जागी पॅडला घासून जाते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ती जागा झिजून पातळ होते. मग मालक म्हणतो, "चकती टाकली तेव्हा ठीक होती, आता बिघडली." बिघाड पहिल्याच दिवशी बसवलेला असतो. तारेच्या ब्रशने हबचं तोंड उजळेपर्यंत घासणं, हा या सगळ्यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळला जाणारा उपाय आहे. चाकाचे नट एकाच बाजूने करकचून आवळले तरीही चकतीवर असाच तिरका ताण येतो. नट समोरासमोरचे, थोडे थोडे, आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळावेत. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे पाइप लावून उड्या मारत आवळलेल्या नटांबद्दल न बोललेलंच बरं.

दुसरी वाट उष्णतेची, आणि तिचं घर म्हणजे घाट. तीन टनांची भरलेली पिकअप 100 मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे 29 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. एवढ्या ऊर्जेत घरातलं साध्या तापमानाचं नऊ लिटर पाणी उकळीला येईल. तुलना करायची तर हीच गाडी सपाटीवर ताशी 60 वरून थांबवायला सव्वाचार लाख ज्यूल पुरतात. म्हणजे उताराचे दर 100 मीटर हे सात वेळा पूर्ण ब्रेक मारण्याच्या तोडीचे, आणि तेही मध्ये थंड व्हायला उसंत न देता. थोडी ऊर्जा हवा आणि टायर खातात. उरलेली इंजिन खाणार की चकती, हे गिअरवर ठरतं. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम या हिशेबावरच उभा आहे. चौथ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर अलगद ठेवून उतरलं की सगळा भार चकतीवर येतो. पॅडचं तापमान तीनशे अंशांच्या पुढे गेलं की त्यातला राळेचा भाग सुटायला लागतो, पकड घटते, वास सुटतो.

खरी गडबड पुढे होते. घाट संपतो, पहिल्या टपरीवर गाडी चहाला थांबते, आणि ड्रायव्हर ब्रेक दाबून धरूनच इंजिन बंद करतो. तापलेला पॅड चकतीच्या एकाच जागी चिकटून बसतो, आणि त्याचा थर तिथे उमटतो. तिथून निघाल्यावर गाडी थरथरायला लागते. थर पातळ असेल तर मध्यम ब्रेक मारत काही अंतर चालवल्यावर तो उतरतोही. पण पुन:पुन्हा तसंच झालं की त्या ठिपक्याखालचं बीड जास्त तापतं, निळसर पडतं, कडक होतं. अशी चकती लेथवर नेऊन पास मारून आणली, तरी हत्यार त्या कडक ठिपक्यांवरून थोडं उडत जातं, आणि काही दिवसांत ते उंचवटे पुन्हा वर येतात. निळे डाग दिसले तर लेथचे पैसे वाचवावेत आणि चकतीच बदलावी. घाट उतरल्यावर थांबायचंच असेल तर सपाट जागी चाकाला दगड लावून, गिअरमध्ये टाकून, ब्रेकवरून पाय काढावा. त्याहून बरं म्हणजे थांबण्याआधी एखादा किलोमीटर ब्रेक न लावता सावकाश चालवत चकतीला वारा द्यावा.

हादरे बुडाला, सीटखालून येत असतील तर मागचा ड्रम बघायचा. याची एक सोपी चाचणी आहे. रिकाम्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना ताशी 30 च्या आसपास वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढायचा. बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक फक्त मागच्या लायनरांना ओढतो. तेव्हाही तसेच हादरे आले, तर ड्रम गोल राहिलेला नाही. शांतपणे वेग कमी झाला, तर पुन्हा पुढे वळा. ओल्या रस्त्यावर ही चाचणी मुळीच करू नये, मागचं टोक फिरतं.

ड्रमचा एक स्वभाव डिस्कमध्ये नाही. दोन लायनरांपैकी पुढचा लायनर ड्रमच्या फिरण्यामुळेच आणखी आत ओढला जातो, दाराखाली सरकवलेली पाचर दार लोटलं की जास्त घट्ट बसावी तसा. त्यामुळे कमी जोरात जास्त पकड मिळते. पण घर्षणात जरासा बदल झाला की पकडीत मोठा बदल होतो. पावसाळ्यात रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमला आतून गंजाची बारीक साय धरते, आणि सकाळचा पहिला ब्रेक चाक गच्च धरतो. पाचसहा वेळा हलका ब्रेक मारल्यावर ते गेलं, तर दुरुस्तीला काही नाही. अंगणातून निघताना सावकाश निघा, एवढंच. दिवसभर धरत असेल आणि तेही एकाच चाकाला, तर ड्रम उघडावा. आत बहुधा ओलावा सापडेल, तो पाण्याचा नव्हे. एक्सलचं सील गळून गिअर ऑइल लायनरवर आलेलं असतं, किंवा व्हील सिलिंडरचं रबर सुटून ब्रेक ऑइल. थोडं तेल तापल्यावर चिकट होऊन पकडतं, जास्त आलं की घसरतं. पेट्रोलने पुसून तोच लायनर परत लावण्याची हौस इथे परवडत नाही. तेल लायनरच्या अंगात मुरलेलं असतं, आणि पहिल्या उतारावर ते बाहेर येतं. लायनर दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत. आतली भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही.

अर्जुना नदीचं पाणी जवाहर चौकात शिरणं राजापूरकरांना नवं नाही. त्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या ड्रममध्ये पाण्याबरोबर गाळही जातो. पाणी काही ब्रेक मारल्यावर निघून जातं. जांभ्याचा तांबडा गाळ मात्र वाळून बसतो, आणि लायनर व ड्रम दोघांनाही खरवडतो. पुरातून गेलेली गाडी आठवड्याच्या आत एकदा उघडून धुतली, तर ड्रमचा पुढचा खर्च टळतो.

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जातं, त्याच्याकडे येऊ. अनेक पिकअपच्या मागच्या बाजूला, चासीला धरून, एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, आणि त्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग मागच्या एक्सलकडे गेलेली असते. वजन ओळखणारा हा व्हॉल्व्ह. हौद्यात माल भरला की चासी खाली दबते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असली की तो मागचा दाब कमी करतो, कारण हलकी मागची चाकं लगेच लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरते, तेही वाईटच. मागची लॉक झाली तर ती आडवी होते. घाटाच्या वळणावर हा फरक जीवनमरणाचा असतो.

आपल्याकडे नवी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात मागे स्प्रिंगचे एक-दोन पाटे वाढवून घेण्याची रीत आहे. त्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. आंब्याच्या पेट्यांनी हौदा शिगोशीग भरला तरी वजन आवाक्यात राहतं, कारण पेटीत पेंढा आणि हवा बरीच असते. चिऱ्याचं उलटं आहे. आठ फूट बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात चिरे फक्त एक फूट उंच रचले, तर साधारण सव्वा घनमीटर दगड होतो. जांभा घनमीटरला दोन टन धरला तरी अडीच टन झाले. गाडीच्या कागदावर मात्र सव्वा ते पावणेदोन टनांची परवानगी. डोळ्यांना हौदा अजून निम्मा रिकामा दिसतो आणि पाटे सपाट झालेले असतात, म्हणून मालक पाटे वाढवतो.

वाढलेल्या पाट्यांमुळे मागची चासी दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागे दोन टनांहून जास्त दगड आणि मागच्या ब्रेकला रिकाम्या गाडीचा दाब! थांबवण्याचं जवळजवळ सगळं काम पुढच्या डिस्कवर पडतं. पुढची चकती निळी होते, पुढचे पॅड अर्ध्या आयुष्यात संपतात, ब्रेक दाबताच नाक खाली जातं आणि मागून माल ढकलत राहतो. मालक पॅडच्या कंपनीला शिव्या घालतो. मागचे लायनर मात्र वर्षानुवर्षं कोरे राहिलेले असतात, आणि हे पाहून कोणी सावध होण्याऐवजी "मागचे लायनर मस्त टिकले" म्हणून खूश होतो. पुढचे पॅड भराभर जात असतील आणि मागचे लायनर झिजतच नसतील, तर सगळ्यात आधी गाडीखाली वाकून हा व्हॉल्व्ह बघावा.

उलटा प्रकारही दिसतो. खाऱ्या हवेत दांडी गंजून एकाच जागी अडकते, किंवा कोणीतरी ती तारेने वर बांधून टाकलेली असते, "ब्रेक चांगले लागावेत" म्हणून. भरलेल्या गाडीला खरोखरच चांगले लागतात. माल उतरवून रिकामी गाडी पावसात परत येताना पहिल्या घट्ट ब्रेकला मागची चाकं अडकतात. रिकामी असतानाच झटका देते आणि भरली की शहाण्यासारखी थांबते, असं ड्रायव्हर सांगत असेल तर तार शोधा. दांडीची लांबी किंवा जागा अंदाजाने बदलू नये. प्रत्येक मॉडेलसाठी कंपनीने ठरवलेलं माप असतं, आणि ते मूळ पाट्यांसाठीच खरं असतं. पाटे वाढवलेल्या गाडीसाठी प्रामाणिक उत्तर एकच आहे, जादा पाटे काढा आणि चिऱ्याचा एक थर कमी करा. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, हे मला माहीत आहे.

एका बाजूला खेचणाऱ्या गाडीचं निदान त्यामानाने लवकर होतं. आधी दोन्ही टायरांची हवा सारखी करा. मग दहाएक किलोमीटर चालवून, थांबून, दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न लावता धग बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. एक चाक खूप गरम आणि दुसरं कोमट असेल, तर गरम चाकाचा कॅलिपर सुटत नाही किंवा थंड चाकाचा लागतच नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोकणात एका पावसाळ्यात जाम होऊ शकतात. त्या काढून साफ करून ब्रेकसाठीचंच उष्णता सहन करणारं ग्रीस लावायचं, साधं चासी ग्रीस नव्हे. पिना ठीक असतील तर जुन्या रबरी होजवर संशय घ्या. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून सुजतो. जोराने दाबलेलं तेल आत जातं, पण परत यायला वेळ लावतं, आणि पाय काढल्यावरही चाक ओढत राहतं.

पेडलच कडक झालं तर गोष्ट वेगळी. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी आपोआप पोकळी तयार होत नाही, म्हणून पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागेच असतो. पंप थकला किंवा त्याचा पाइप तडकला की पेडलवर उभं राहावं लागतं. घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग हेच संकट स्वतःहून ओढवून घेतात. बूस्टरमध्ये साठलेली पोकळी दोनतीन ब्रेकांपुरतीच असते, त्यानंतर चौथं वळण येतं.

एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटकलं, तर ते काम करतंय असं समजावं. पण थांबता थांबता, ताशी दहाच्या आत, हलक्या ब्रेकलाही तशीच टकटक येत असेल, तर चाकाजवळच्या वेग मोजणाऱ्या सेन्सरवर किंवा त्याच्या दातेरी कड्यावर गंज चढला आहे. त्या वेळी चकतीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि कोकणात त्याला प्यायला भरपूर मिळतं. डॉट 3 ऑइल नवं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक सांगतं. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155. घाट उतरताना कॅलिपरमधलं पाणीदार ऑइल उकळलं, तर नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला जातं. खाली जाऊन गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठणठणीत होतं, आणि गॅरेजवाल्याला काहीच सापडत नाही. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलावं. नुसतं वरून टाकू नये, खालून जुनं पूर्ण काढावं.

नव्या चकती-पॅडची जोडीही लगेच घाटात नेऊ नये. गर्दी नसलेल्या सरळ रस्त्यावर, गाडी रिकामी असताना, ताशी 50 वरून 15 पर्यंत मध्यम जोरात आठदहा वेळा वेग कमी करायचा, दोन ब्रेकांमध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर मोकळं जाऊ द्यायचं. पूर्ण थांबायचं नाही. पॅडचा सारखा थर सगळ्या चकतीवर बसतो तो असा. त्यानंतर गाडी चालतीच ठेवून थंड होऊ द्यायची, आणि घरी पोचल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासायचे.